चौक कोणाच्या हद्दीत?

चाकणच्या तळेगाव चौकात दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात. एक पुणे-नाशिक, पूर्वीचा ५० आणि आताचा ६० क्रमांकाचा. दुसरा तळेगाव दाभाड्याहून शिक्रापूरकडे निघालेला ५४८ डी. सकाळी पहिली शिफ्ट भरायच्या वेळेला कंपन्यांच्या बसगाड्या, नव्या मोटारी लादलेले लांबलचक कंटेनर, पोलादाच्या कॉइल घेतलेले ट्रेलर, खडीचे हायवा, कांद्याच्या पिकअप, एसटी, पीएमपी आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या दुचाक्या इथे एकदमच येऊन ठाकतात. सिग्नल हिरवा होतो, पण पुढची जागा रिकामी झालेली नसते. जवळच संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने लढवला होता. तेव्हा चाकणला वेढा नवा नाही. तेव्हाचा निदान संपला.

या चौकात खड्डा पडला, दिवा बंद पडला किंवा गटाराचे पाणी रस्त्यावर आले, तर तक्रार कोणाकडे करायची? महामार्ग केंद्राच्या यादीतला. गावातले अंतर्गत रस्ते नगरपरिषदेचे. कारखान्यांच्या दारापर्यंतचे रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी या आजूबाजूच्या गावांतले रस्ते ग्रामपंचायतीचे किंवा जिल्हा परिषदेचे. त्या गावांत उभ्या राहणाऱ्या इमारतींना परवानगी देणार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए). आणि कोंडी सोडवायला चौकात उभा राहणार पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचा वाहतूक पोलीस, ज्याच्या हातात शिट्टी आहे पण डांबर नाही. एका हाकेच्या अंतरात सहा कार्यालयांची हद्द येते. नागरिकाला त्यातली एकही रेष रस्त्यावर आखलेली दिसत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या रस्ते-सुरक्षेचा आणि नागरी सेवांचा विचार या सहा कार्यालयांपासूनच सुरू करावा लागतो. पैसा नाही ही इथली अडचण नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक केंद्राच्या योजना धरून साडेनऊ हजार कोटींच्या पुढे गेले होते. घोषणाही कमी नाहीत. कमी आहे तो हिशेब, आणि तोही एका विशिष्ट गोष्टीचा.

पट्टा कसा वाढला हे थोडक्यात पाहिले की आजचा गुंता उलगडतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दशकात टेल्को, बजाज यांच्यामागोमाग शेकडो लघुउद्योग भोसरी-आकुर्डीच्या माळावर उभे राहिले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे एकत्र करून नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका. दरम्यान १९७२ मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण आले होते. म्हणजे जुन्या शहरात कारखाना, घर आणि रस्ता यांची आखणी निदान एकाच काळात झाली. निगडी प्राधिकरणाचे रुंद रस्ते आजही त्याची साक्ष देतात.

चाकणला हे भाग्य लाभले नाही. नव्वदीच्या अखेरीस बजाज तिथे गेली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज-बेंझ आली, पाठोपाठ महिंद्र. त्या काळात चाकण ही ग्रामपंचायत होती. जगातल्या बड्या मोटार कंपन्यांच्या शेजारी सरपंच आणि ग्रामसेवक गावाचा कारभार हाकत होते. नगरपरिषद झाली ती २०१५ मध्ये. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. कामगारांच्या चाळी, भाड्याच्या खोल्या आणि आजूबाजूच्या वाड्या धरल्या तर आज त्या आकड्याला अर्थ उरलेला नाही. कारखान्यांसाठी भूखंड पाडले, वीज आणली, पाणी आणले. त्या कारखान्यांत कामाला येणारा माणूस कोणत्या रस्त्याने येईल आणि त्यांचा ट्रेलर रात्री कुठे उभा राहील, याची तजवीज मागे पडली.

पोलिसांची हद्द मात्र वेगळ्या रेषेने आखली गेली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि त्यात पुणे ग्रामीणमधून चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी आली. त्यामुळे चाकणचा अपघात शहर पोलिसांच्या वहीत नोंदला जातो आणि अपघाताला कारण ठरलेला खड्डा दुसऱ्याच कुणाच्या. ही विसंगती कागदावर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पोलिसांनी एखादे वळण धोकादायक म्हणून कळवले, तर ते पत्र कोणत्या टेबलावर जायचे हे ठरण्यातच पावसाळा उलटतो.

स्थानिक प्रशासन रस्त्यांबद्दल नागरिकांना जे कळवते त्याची भाषा ठरलेली आहे: इतके किलोमीटर, इतके कोटी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. या मार्गाची चर्चा त्याआधी दहा-बारा वर्षे चालू होती. खेडच्या पुढे सिन्नरपर्यंतचा पट्टा चौपदरी झाला, पण सर्वांत जास्त वाहने ज्या तुकड्यावर धावतात तो नाशिक फाटा-खेड तुकडा भूसंपादनात अडकून राहिला. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याची कथा आणखी विचित्र. तो आधी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होता, मग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे गेला आणि नंतर राज्याच्या पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे आला. प्रत्येक हस्तांतरणात आधीच्या खात्याने खड्डे बुजवणे थांबवायचे आणि पुढच्याने ताबा मिळेपर्यंत वाट पाहायची, ही आपल्याकडची रीतच आहे.

उन्नत मार्ग होतील तेव्हा लांबची वाहने वरून निघून जातील. पण चाकणच्या कामगाराचा प्रवास खालचाच आहे. खोलीतून निघायचे, महामार्ग ओलांडायचा, कंपनीच्या बसला हात करायचा. किंवा दुचाकीवर म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे गाठायचे. त्याला वरच्या आठ पदरांपेक्षा खालच्या एका सुरक्षित क्रॉसिंगची गरज आधी आहे. उन्नत मार्गाचे खांब उभे राहत असताना खालचा रस्ता काही वर्षे अरुंद होतो, हे पुणेकरांनी मेट्रोच्या वेळी अनुभवले आहे. त्या काळातल्या वाहतुकीचे नियोजन हे मंजुरीच्या बातमीत कधीच नसते.

आता माणसांकडे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले १५,२२४ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले. देशभरच्या मृतांमध्ये दर शंभरातले ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते आणि हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार पन्नास हजारांवर. सरकारी नोंदीत सर्वांत मोठे कारण म्हणून अतिवेग येतो, सुमारे सत्तर टक्के. या 'अतिवेगा'कडे जरा संशयाने पाहायला हवे. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला चालकाचा वेग लिहिणे सोपे असते; दुभाजक अचानक संपला होता, वळणावर दिवा नव्हता, गतिरोधकावर पांढरे पट्टे नव्हते, रस्त्याकडेला रिफ्लेक्टर नसलेला ट्रेलर उभा होता, हे लिहायला त्याच्याकडे ना साधन असते ना प्रशिक्षण. चालकावर गुन्हा दाखल होतो. रस्त्यावर होत नाही.

खरे तर कायदा तसे म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी सुधारणा झाली तिने १९८ अ हे कलम आणले: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे, कोट्यवधींच्या ठेक्यात ती चहापाण्याच्या खर्चातही निघेल. तरी कलम वापरले गेले असते, तर प्रत्येक अपघातानंतर रस्त्याचीही चौकशी झाली असती.

जानेवारी २०२५ चे नऊ दिवस आठवावेत. १६ तारखेला चाकण-शिक्रापूर रस्त्यावर एका कंटेनरने एकामागून एक वाहनांना धडका देत कित्येक जणांना जखमी केले. १७ तारखेला याच पुणे-नाशिक महामार्गावर, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावजवळ, मागून आलेल्या टेम्पोच्या धडकेने प्रवासी गाडी थांबलेल्या एसटीवर आदळली आणि नऊ जण दगावले. २४ तारखेला हिंजवडी भागात वळण घेताना उलटलेल्या सिमेंट मिक्सरखाली दुचाकीवरच्या दोन तरुणी चिरडल्या. तीन ठिकाणे, तीन प्रकारची वाहने. पण सूत्र एकच. अवजड वाहन आणि दुबळे वाहन एकाच पदरातून चालले आहेत. हिंजवडीतच त्या ऑगस्टमध्ये अकरा वर्षांची शाळकरी मुलगी मिक्सरच्या धडकेत गेली, तेव्हा कुठे गर्दीच्या वेळी अवजड वाहनांच्या बंदीची अंमलबजावणी कडक झाली, बांधकाम व्यावसायिकांनाही जाब विचारला गेला. बंदीची सूचना आधीही होती. सूचना निघणे आणि ती पाळली जाणे यांच्यात इथे एका मुलीच्या जिवाचे अंतर पडले.

चाकण पट्ट्यात अवजड वाहनांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण ती वाहने हाच तिथला धंदा आहे. त्यांना बंदी घालून भागत नाही. कच्चा माल ठरलेल्या तासाला दारात हवा, गोदामात साठवायचा नाही, हे आधुनिक मोटार उद्योगाचे गणित. त्यामुळे गोदाम रस्त्यावर येते: लवकर पोचलेला ट्रेलर फाटकाबाहेर, सेवा रस्त्यावर, कधी थेट महामार्गाच्या कडेला रांग लावून उभा राहतो. चालक केबिनमध्ये झोपतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रक टर्मिनल, चालकांसाठी विश्रांतीची जागा, स्वच्छतागृह, प्रत्येक मोठ्या कंपनीच्या कुंपणाच्या आत रांगेसाठी जागा, या गोष्टी उन्नत मार्गाच्या मानाने स्वस्त आहेत. फीत कापण्याजोग्या नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

रस्त्यावरची सुरक्षा म्हणजे फक्त वाहनांची सुरक्षा नव्हे, हे या पट्ट्याने दोनदा फार कठोरपणे शिकवले. १७ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात किवळे-रावेत भागात महामार्गाच्या सेवा रस्त्याजवळचे होर्डिंग कोसळले. आडोशाला थांबलेले पाच जण ठार झाले. होर्डिंग बेकायदा होते. त्यानंतर पाहणी, नोटिसा, कारवाईचे आकडे सगळे झाले. पण तेरा महिन्यांनी घाटकोपरला होर्डिंग पडून सतरा जण गेले तेव्हा राज्यात पुन्हा पहिल्यापासून पाहण्या सुरू झाल्या. किवळ्याचा धडा मुंबईपर्यंत पोचलाच नव्हता.

दुसरी घटना १५ जून २०२५ ची, रविवार दुपारची. तळेगाव एमआयडीसीपासून जवळच इंदोरीच्या हद्दीत कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे ठाऊक होते, तसा फलक होता, नव्या पुलाला निधीही मंजूर होता. काम उभे राहिले नव्हते. फलक लावला की जबाबदारी फलकावर जाते, असे आपल्या प्रशासनाला मनापासून वाटते. सुट्टीच्या दिवशी, नदीला पाणी आलेले असताना, तिथे दोन पोलीस आणि एक अडथळा उभा करणे कोणत्या कार्यालयाचे काम होते? ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम, वन, पोलीस, तहसील, प्रत्येकाकडे उत्तराचा एक तुकडा होता. अपघातानंतर मात्र जिल्हाभरातले जुने पूल तपासण्याचे आदेश एका दिवसात निघाले.

पिंपरी-चिंचवड शहरात उलट दिशेचे उदाहरणही आहे, आणि ते आवर्जून सांगायला हवे. १५ ऑगस्ट २०१३ रोजी, श्रीकर परदेशी आयुक्त असताना, महापालिकेने 'सारथी' हेल्पलाइन सुरू केली. ८८८८००६६६६ हा क्रमांक पिंपरी-चिंचवडकरांना तेव्हापासून पाठ आहे. कल्पना साधी होती: कोणते खाते, कोणता अधिकारी, हे नागरिकाला माहीत असण्याची गरज नाही, त्याने अडचण सांगावी, क्रमांक घ्यावा, खाते शोधणे महापालिकेचे काम. दाखला कसा काढायचा इथपासून रस्त्यावरचा दिवा बंद आहे इथपर्यंत सगळे एका ठिकाणी. २०२२ मध्ये आठ क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी जनसंवाद सभाही सुरू झाल्या. सारथीवर काम न करताच तक्रार बंद केल्याची कुरकुर वर्षानुवर्षे ऐकू येते, ती खोटी नाही. तरीही 'कोणाकडे जायचे' हा पहिला प्रश्न तिने शहरापुरता सोडवला. पिंपरीच्या मोरवाडीतला माणूस एका फोनवर तक्रार नोंदवू शकतो. इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीच्या पुढे चिंबळी फाट्यावर गेले की सारथीची हद्द संपते, खड्डे मात्र तसेच पुढे जातात. तिथून चाकणपर्यंत नागरिकाचा सारथी म्हणजे ओळखीचा पुढारी.

पाण्याच्या बाबतीतही शहर आपल्या नागरिकांशी बऱ्यापैकी सरळ बोलले आहे. २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येते. तात्पुरता म्हणून सुरू झालेला हा बेत कायमचा झाला हे दुर्दैव. पण कोणत्या भागाला कोणत्या दिवशी, याचे वेळापत्रक लोकांना ठाऊक असते आणि संसार त्याप्रमाणे बेतले जातात. त्यामागची गोष्ट सोपी नाही. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध झाला, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पोलीस गोळीबारात तीन शेतकरी गेले आणि योजना थांबली. मग आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून रोज २६७ दशलक्ष लिटर आणायचे ठरले. भामा आसखेडचे धरण खेड तालुक्यातले, म्हणजे चाकणच्याच अंगणातले. तिथले पाणी पुण्याला जाते, पिंपरीसाठीही ठरले. त्याच तालुक्यातल्या कामगार वस्त्यांत टँकर फिरतो.

सार्वजनिक वाहतुकीचा विषय रस्ते-सुरक्षेत मोडत नाही असे मानण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. बस वेळेवर आणि जवळ मिळाली तर वीस वर्षांचा कंत्राटी कामगार कर्जावर दुचाकी घेऊन रात्रपाळीहून परतताना झोपेच्या गुंगीत महामार्गावर येत नाही. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. दापोडी-निगडी बीआरटी न्यायालयीन वाद आणि सुरक्षा तपासणी पार करून ऑगस्ट २०१८ मध्ये धावली, ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि तिचा निगडीपर्यंतचा विस्तारही मंजूर आहे. चाकणकडे मेट्रो न्यायची तर अजून प्रकल्प अहवालांचीच भाषा चालू आहे. मोठ्या कंपन्या स्वतःच्या बस चालवतात, पण त्या कायम कामगारांसाठी. सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यात बारा तास राबणाऱ्याला सहाआसनी किंवा मित्राच्या दुचाकीची मागची सीट.

महापालिकेने पदपथांवर खर्च केला आहे, हेही नोंदवायला हवे. निगडीतला हरित सेतू आणि टेल्को रस्त्याच्या कामासाठी २०२५ मध्ये दोनशे कोटींचे ग्रीन बॉण्ड काढले गेले. पायी चालणाऱ्यांसाठी बाजारातून कर्ज उभारणारी पालिका आपल्याकडे दुर्मीळच. पदपथ अरुंद रस्ता आणखी अरुंद करतात म्हणून मोटारवाले चिडतात, टपऱ्या पुन्हा त्यावरच येतात, पार्किंगही तिथेच होते. पण दिशा बरोबर आहे.

रस्त्यावरचे मृत्यू कमी करता येतात का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. किवळ्याजवळ सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र यांनी मिळून 'झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' हाती घेतला. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर जाऊन तपासणी, कठड्यांची दुरुस्ती, धोकादायक खांबांना आवरण, थांबलेल्या वाहनांवर कारवाई, रुग्णवाहिका लवकर पोचण्याची सोय. २०२० मध्ये मृत्यू ६६ वर आले. त्या वर्षी टाळेबंदी होती हे खरे, पण उतरण त्याआधीच सुरू झाली होती. तिथे एक मोठा फायदा होता. रस्त्याचा मालक एकच होता, त्यामुळे कोणता खांब कोणी झाकायचा यावर बैठक घ्यावी लागली नाही. चाकणच्या रस्त्यांवर नेमकी तीच गोष्ट नाही.

दुसरी नसलेली गोष्ट म्हणजे उघडा हिशेब. केंद्राच्या व्याख्येनुसार महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत प्राणघातक किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर तो ब्लॅक स्पॉट. म्हणजे एका जागेला अधिकृतपणे धोकादायक ठरण्यासाठी आधी मरणांची शिदोरी जमवावी लागते. पोलीस आता अपघातांची नोंद स्थळासकट संगणकावर करतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, तिच्या बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. पण कुरुळी फाट्यावर गेल्या वर्षी किती जण गेले, कशामुळे, समितीने काय ठरवले, कोणत्या कार्यालयाने कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे होते आणि ते झाले का, हे त्या फाट्यावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला सहज कळेल असे कुठेही मांडलेले नसते. न्यूयॉर्क शहराने २०१४ नंतर चौकाचौकांतल्या अपघातांचा नकाशा लोकांसाठी खुला केला. मुंबई पोलिसांनीही रस्ते-सुरक्षेचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध केले, ज्यांत कोणते रस्ते आणि चौक अधिक घातक हे नावानिशी आहे. पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाला आणि महापालिकेला हे अशक्य नाही. स्मार्ट सिटीत कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष यांवर झालेला खर्च पाहता ते लाजिरवाणे सोपे आहे.

समन्वय अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. दरवर्षी ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते. लाखो माणसे, देहूरोड कॅन्टोन्मेंटची हद्द, महापालिकेची हद्द, महामार्ग, लष्कराची जागा. तरी वाहतूक कुठून वळवली आहे हे आधी जाहीर होते, रस्ते धुतले जातात, खड्डे भरले जातात, पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, आरोग्यपथके जागच्या जागी असतात. त्या दिवसांत कोणतेही खाते 'ही आमची हद्द नाही' म्हणत नाही. वारकऱ्यांसाठी जे जमते ते कामगारांसाठी उरलेले दिवस का जमत नाही, याचे उत्तर तांत्रिक नाही.

काही अंशी ते राजकीय आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, जवळजवळ चार वर्षे, प्रशासकांचे राज्य होते. चाकण नगरपरिषदेतही वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत होता. प्रभागातल्या खड्ड्यासाठी ज्याच्या दारात जाऊन भांडावे असा माणूसच नव्हता. ८ ऑगस्ट २०२५ च्या भल्या पहाटे, त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार चाकणच्या चौकांची पाहणी करायला आले आणि चाकण, हिंजवडी व मांजरी-फुरसुंगी परिसरासाठी नव्या महापालिका कराव्या लागतील असे बोलून गेले. ऑक्टोबरमध्ये चाकणकर कोंडीच्या विरोधात आकुर्डीला पीएमआरडीएच्या कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. चाकणच्या चौकासाठी आकुर्डीला मोर्चा, यातच सगळे आले.

नवी महापालिका हा उपाय आहे का? अर्धा. एक आयुक्त, एक अंदाजपत्रक, एक हेल्पलाइन मिळेल आणि आसपासच्या वाड्या एका आराखड्यात येतील, हे चांगलेच. करवाढीची ग्रामस्थांची भीतीही खरी आहे. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे ही गावे पिंपरी-चिंचवडमध्ये आली तेव्हा कर लगेच आणि सोयी सावकाश, असाच अनुभव होता. पण महापालिका झाली तरी दोन्ही महामार्ग तिचे होणार नाहीत, एमआयडीसीचे रस्तेही नाहीत. म्हणून महापालिकेची वाट न पाहता करण्याजोगे काम वेगळे आहे: नाशिक फाट्यापासून खेडपर्यंत आणि तळेगावपासून शिक्रापूरपर्यंतच्या प्रत्येक चौकाला एक जबाबदार अधिकारी नेमणे, त्याचे पद आणि दूरध्वनी चौकातच लावणे, आणि दर तीन महिन्यांनी त्या चौकातले अपघात, मृत्यू आणि झालेली कामे जाहीर करणे. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनी पहिल्या सभांमध्ये एवढी एक मागणी लावून धरली तरी ती त्यांच्या पूर्वसुरींपेक्षा मोठी कामगिरी ठरेल.

तोवर वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोचवणाऱ्याला पोलीस साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे १३४ अ कलम त्याला संरक्षण देते. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई आहे. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेच्या क्षेत्रात मुख्याधिकारी आणि तेच सचिव, यांच्या समितीकडे हा दावा करायचा. सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आणि ती दोषी ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची, असे न्यायालयाने सांगितले आहे. महामार्गाच्या यंत्रणाही त्यातून सुटलेल्या नाहीत. रस्ता कोणाच्या हद्दीतला हे माहीत नसेल, तर दावा करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावे.